गल्लीच्या बाजूचा आल्प्स

पर्वत माणसाला नम्र करतात, असं पर्वत पाहून आलेली मोठी माणसं सांगतात. लातूरच्या आमच्या गल्लीत माझ्या देखत एकच पर्वत उभा राहिला. तो बांबू, गोणपाट आणि नांदेडहून एसटीच्या टपावरून आणलेल्या कापसाच्या रुईचा होता, आणि त्याच्यामुळे कुणी नम्र झाल्याचं मला आठवत नाही. उलट त्या वर्षी आमच्या घरात जी मग्रुरी शिरली ती अजून मुक्कामाला आहे, आणि तिला घालवण्याचा प्रयत्नही कुणी केलेला नाही.

अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणायचं ते आपल्या समाधानासाठी. अण्णांच्या दालमिलच्या भिंतीला टेकवलेले दोन पत्रे, खाली पंप, पंक्चर शोधायला पाण्याचं घमेलं आणि खिळ्याला टांगलेल्या जुन्या ट्यूबा. तिथं बसायची परवानगी अण्णांनी तोंडी दिली होती आणि वर्षातून दोन-तीनदा ते तिची तोंडीच आठवण करून देत. त्या भिंतीमागे दिवसभर तुरीची डाळ भरडली जाई, त्यामुळे आमच्या लहानपणाला एक अखंड घरघर होती. मिल बंद पडली की आम्हाला कान गेल्यासारखं वाटे. अप्पा चाकाचा आऊट, म्हणजे डुगडुग, काढायला बसले की त्या घरघरीवर एकेक स्पोक टिणटिणायचा. स्पोक सैल की कसलेला, हे ते आवाजावरून ओळखत, आणि आई स्वयंपाकघरातून ओळखे की आता अप्पा उठतील, तवा ठेवावा. भाकरी, येसराची आमटी, अंबाडीची भाजी. पाहुणे आले तर सकाळी सुशीला, म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांची फोडणी. मी पुढं नांदेडला ग्रंथालयात नोकरी केली, तिथंच निवृत्त झाले आणि तिथंच राहते. इथल्या लोकांना सुशीला काय ते सांगावं लागत नाही. माझ्या पुण्याच्या सुनेला सांगावं लागलं. तिला ते बाईचं नाव वाटलं होतं, यात तिची काही चूक नाही.

आमची गल्ली आजोबांच्या पिढीत बौद्ध झालेली. घरात तसबिरी दोन, आणि दोघांनाही नैवेद्य लागत नव्हता. तरी गणपतीच्या दिवसांत अप्पांना उसंत नसे, कारण मंडळाचा हलता देखावा ते करत. सायकलच्या साखळ्या जोडून जोडून लांब करायच्या, जुन्या टेबलफॅनची मोटर लावायची, तिचा वेग फ्रीव्हीलच्या चकत्यांवरून उतरवायचा, आणि त्या साखळीवर कधी पुष्पक विमान, कधी अफजलखान. कुणी टोकलं की अप्पा म्हणत, "देव त्यांचा. साखळी माझी." आईला मात्र एक गोष्ट खुपायची. मंडप बाजाररस्ता आणि आमची गल्ली यांच्या मधल्या मोकळ्या जागेत असे आणि त्याचं तोंड अर्थातच बाजाराकडे. आमच्याकडे यायची ती पाठ. गोणपाट, बांबूची टोकं, लोंबणाऱ्या वायरी आणि रंगाचे रिकामे डबे. दहा दिवस आमच्या दारात हेच दृश्य. देखावा बघायचा तर वळसा घालून बाजारात जायचं, आणि तिथं आमच्या गल्लीतल्या बायकांना पुढं कुणी उभं राहू देत नसे. मनाई नव्हती. नुसती जागा नसायची.

त्या वर्षी अण्णा परदेशी जाऊन आले. व्यापाऱ्यांची सहल होती. अण्णा म्हणजे दालमिलचे मालक आणि मंडळाचे कायमचे अध्यक्ष. परतल्यावर त्यांचा सत्कार झाला, मग ज्यांनी सत्कार केला त्यांचा अण्णांनी सत्कार केला, आणि गावात शाली कमी पडल्या. त्यानंतर त्यांचं प्रत्येक वाक्य "तिकडं" या शब्दानं सुरू होऊ लागलं. तिकडं धूळ नसती. तिकडं कुत्रं भुंकत न्हाई. आल्प्सच्या कुशीतल्या एका गावात ते दोन दिवस राहिले होते. श्रीमंतांचं गाव, पायाला फळ्या बांधून बर्फावरून घसरायचं. तिथलं एक मोठं चित्र त्यांनी सुरळी करून आणलं होतं. ते त्यांनी अप्पांच्या पंपावर पसरलं.

"गंगाराम, यंदा हे करायचं. भूतलावरचा स्वर्ग."

अप्पांनी चित्र बराच वेळ पाहिलं. "माणसं घसरून खाली येतेत. वर कशी जातेत?"

"लोखंडी पाळणा हाय. बसायचं की वर."

"आन हा रस्ता एवढा साफ कुणी केलाय?"

"तिकडं सगळं साफच असतंय."

"आपोआप?"

अण्णा हसले. म्हणाले, "अरे, झाडूवाला सुदीक खालच्या गावातून रेल्वेनं येतोय. त्या गावात राहणं परवडत न्हाई त्याला. तिथं घर घ्यायचं म्हणजे तिथल्याच माणसाच्या बापाला जमत न्हाई. अशी जागा हाय ती."

हे ते अभिमानानं सांगत होते. मी बाजूला उभी राहून ऐकत होते. तेव्हा मी अकरावीत होते आणि निवेदन लिहायचं काम माझ्याकडे आलं होतं, कारण गल्लीत मीच पुस्तकं वाचायची. अण्णा जाता जाता मला म्हणाले, "पोरी, भारी लिही. स्वर्ग शब्द दोन-चारदा येऊ दे."

वाचनालयात आल्प्सवर मराठीत जे होतं त्यात स्वर्ग हा शब्द भरपूर होता, माहिती नव्हती. पण निजामाच्या काळातली उर्दूची दोन कपाटं होती आणि त्यांची किल्ली सय्यद चाचांकडे. ते ग्रंथपाल. त्यांनी एक सफरनामा काढला. हैदराबादच्या कुणा अधिकाऱ्याला छातीचा रोग झाला होता, सरकारनं त्याला हवा बदलायला नेमकं त्याच गावी पाठवलं होतं, आणि खोकता खोकता त्यानं त्या गावाविषयी लिहून ठेवलं होतं. चाचा वाचत, मी मराठीत उतरवून घेई. मध्येच ते चष्मा काढत.

"बेटी, ये तो अपने जैसाच गाँव था. बस थंडी ज्यादा थी."

खरंच तसं होतं. त्या गावात आधी काहीच नव्हतं. गवत आणि गुरं. गवत इतक्या उभ्या कड्यावर की कापणारा कमरेला दोर बांधून कापायचा. खाली गुरं, वर माणसं अशी लाकडी घरं, कारण गुरांच्या अंगाची ऊब फुकट मिळे. थंडीत वरून बर्फाचा कडा सुटला की अख्खी घरं त्याखाली जात आणि वसंतात सापडत. घरात खाणारी तोंडं जास्त झाली की बर्फ पुरतं वितळायच्या आधीच पोरांना चालत खिंडीपलीकडे नेत. तिकडच्या बाजारात पोरं रांगेत उभी करत, शेतकरी त्यांचे दंड दाबून बघत, आणि हंगामभर गुरं राखायला घेऊन जात. मग एका डॉक्टरच्या ध्यानात आलं की या गावात छातीचा रोग दिसत नाही. झालं, युरोपभरचे खोकणारे तिथं येऊन सज्ज्यात घोंगड्या पांघरून पडू लागले. गावकऱ्यांनी गोठे आवरून खोल्या केल्या. रोग्यांना भेटायला येणारे धडधाकट लोक कंटाळले, त्यांनी टपालवाल्याच्या पायाला असायच्या त्या फळ्या मागून घेतल्या आणि मजा म्हणून घसरू लागले. सफरनामा इथं संपतो. पुढं औषध निघालं, खोकणारे आले नाहीत, आणि सज्जे घसरणाऱ्यांना भाड्यानं दिले. त्यानंतरचं सगळं मला अण्णांनी स्वतः सांगितलेलं होतं, झाडूवाल्यासकट. मी तेही घातलं.

आता तिथं पुरेसा बर्फ पडत नाही म्हणून तो यंत्रानं तयार करून उतारावर फवारतात. परवा भाच्यानं, तेव्हा सासरी असलेल्या थोरल्या बहिणीच्या मुलानं, मला मोबाइलवर दाखवलं. आजूबाजूला हिरवं गवत आणि मधूनच एक पांढरा पट्टा. मी म्हटलं, म्हणजे त्यांनीही रुईच लावली की.

आमची रुई नांदेडची. तिथं मामा जिनिंगमध्ये होते. झाडून काढलेली, व्यापारात न चालणारी रुई त्यांनी पोती भरून दिली. ती सोडवून सारखी करता करता आमचं घर दहा-बारा दिवस शिंकत होतं. भाकरीत रुई, आमटीत रुई, आईच्या केसांत रुई. घरांची छपरं काडेपेट्यांची, दिवे सायकलच्या डायनॅमोचे बल्ब, फळ्या कुल्फीच्या काड्यांच्या. आईनं घसरणाऱ्या बाहुल्यांना उरलेल्या कापडाचे अंगरखे शिवले. तिकडं मंडळाच्या कार्यकारिणीत गणपतीला मफलर घालावा का, यावर एक बैठक निर्णयाविना संपली.

निवेदन मी अण्णांना मिलच्या गादीवर वाचून दाखवलं. पोरांच्या बाजारापर्यंत त्यांनी ऐकलं. मग त्यांनी हात वर केला.

"हे काय लिहिलंस?"

"त्या गावाचा इतिहास हाय, अण्णा."

"इतिहास मला न्हाई पायजे. लोक देवाला येतेत, त्यांना भिकारी पोरं दाखवू का मी? मी तिथं राहून आलोय. मला एक बी भिकारी दिसला न्हाई."

"आता न्हाईत. तुम्हीच म्हणलाव, परवडत न्हाई म्हणून खाली गेले."

त्यांनी अप्पांकडे पाहिलं. "गंगाराम, पोरगी शिकून शिंगं फुटायलीत हिला. तू भिंतीखाली बसून राहिलास त्याला किती वर्षं झाली रे?"

अप्पा म्हणाले, "बरीच."

"मग जरासक समजाव."

निवेदन कॉलेजातल्या एका प्राध्यापकांकडून आलं. त्यात स्वर्ग हा शब्द दोन-चारपेक्षा बराच जास्त होता आणि घसरणाऱ्यांना 'वाऱ्याशी स्पर्धा करणारे वीर' म्हटलं होतं. ते कॅसेटवर भरून कर्ण्यातून वाजणार होतं.

घरी येताना मला वाटलं अप्पा रागावतील. जेवण झाल्यावर त्यांनी कोपऱ्यातली जुन्या साखळ्यांची टोपली ओढली आणि आईला विचारलं, "कापड किती उरलंय?"

"जुनं लुगडं हाय एक. आन तुमचं फाटकं धोतर."

"बस झालं. दहा-पंधरा बाहुल्या आणखी लागतील. पोरं आन बाया. डोक्यावर भारे दे."

आईनं कारण विचारलं नाही. सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली, "पाठ आपल्याकडंच असती दरसाल. त्यांना तिकडं काय दिसायचंय."

अशी त्या मोटरवर दुसरी साखळी चढली. बाजाराकडच्या उतारावरून अंगरखेवाले घसरून खाली येत. त्याच वेळी पर्वताच्या मागच्या अंगाला, आमच्या गल्लीच्या बाजूनं, डोक्यावर कडब्याचे भारे घेतलेल्या बाया आणि हातात काठ्या घेतलेली पोरं वर चढत. पुढच्या बाजूला यातलं काही दिसत नव्हतं. अप्पांनी मागचं गोणपाट लावलंच नाही, एवढंच. आल्प्समधल्या त्या बाया लातूरच्या नेसणीत होत्या, कारण दुसरं कापड नव्हतं.

पहिल्या संध्याकाळी पुढं कर्णा सुरू झाला तसा गल्लीतल्या बायका मागं येऊन उभ्या राहिल्या. एक म्हातारी म्हणाली, "ही आपली रखमी दिसायली. कुठं चालली गं एवढं वझं घेऊन?" आईनं मला अप्पांच्या दुकानातल्या लाकडी खोक्यावर उभं केलं. म्हणाली, "सांग की आता. आन वरडून सांग. कुजबुजायचं असंल तर घरात बस." कर्ण्याशी भांडत मी सगळं सांगितलं. दोर बांधून गवत कापणारे, गुरांची ऊब, रांगेत उभी पोरं. दंड दाबून बघायचे म्हटल्यावर एक बाई शांतपणे म्हणाली, "आमच्याकडं दात बी बघायचे." मग सगळ्या हसल्या. तसं हसणं मी नंतर फार ठिकाणी ऐकलं नाही.

रोज माझा घसा बसे आणि रोज माणसं वाढत. बाजाराकडचे लोकही वळसा घालून येऊ लागले. पुढचं पाहून झालं की म्हणत, "चला, मागचं बघू. मागचं चांगलंय." माझ्या कानांनी ऐकलेलं वाक्य आहे हे आणि मी ते कधीच कुणाला विसरू दिलेलं नाही.

अण्णांच्या कानावर जायला वेळ लागला, कारण अध्यक्ष मंडपाच्या मागं जात नाहीत. विसर्जनाला दोन दिवस उरले होते. त्या संध्याकाळी एक मोठे पाहुणे आरतीला येणार होते. सकाळीच मंडळाच्या कार्यकर्त्यांनी मागं जाड निळा पडदा ठोकला. मी धावत दुकानात गेले. अप्पांनी आधीच पाहिलं होतं. ते पाने, चिमटे, सोल्यूशनच्या नळ्या पोत्यात भरत होते.

"अप्पा, काय करायलाव?"

"दुकान आवरायलो."

"कामून? अण्णांनी कुठं काय म्हणलंय?"

"म्हणतील. आपण आधी उठलो की मग त्यांच्याकडं म्हणायला काय राहत न्हाई."

त्यांनी घमेल्यातलं पाणी रस्त्यावर ओतलं आणि घमेलं माझ्या डोक्यावर दिलं. आई आली, तिनं पत्रे उतरवले. दुपारी घरात आम्ही तिघं, एक पंप आणि गल्लीतल्या माणसांच्या चार नादुरुस्त सायकली असे जेवायला बसलो. एवढ्या वर्षांचा संसार त्या भिंतीवर चाललेला होता. उद्या काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आईनं आमटी वाढली आणि म्हणाली, "मीठ कमी पडलंय का?" पडलं नव्हतं.

संध्याकाळी पाहुणे आले, फटाके झाले, कर्णा सुरू झाला. आणि पडदा साखळीत गेला. तो कसा गेला हे मला विचारू नये. वारा होता. आई त्या बाजूनं येताना दिसली होती, हेही खरं आहे. पडदा साखळीनं ओढून घेतला, फ्रीव्हीलभोवती गुंडाळला आणि अख्खा आल्प्स जागच्या जागी थांबला. वीर उतारावर एका पायावर ताटकळले. कर्ण्याला हे माहीत नसल्यामुळे तो सांगत राहिला, "पाहा, कसे वाऱ्याशी स्पर्धा करीत आहेत!"

अप्पांना बोलावणं आलं. मी त्यांच्या मागोमाग गेले. अण्णा मंडपाच्या मागं आले होते, बहुधा आयुष्यात पहिल्यांदा.

"गंगाराम, काय झालं बघ लवकर. पाहुणे थांबलेत."

अप्पांनी वाकून बघितलं. "पडदा काढावा लागंल."

"काढ. साखळी सोडव आन परत लाव."

"काढतो. परत लावणार न्हाई."

"काय म्हणलास?"

"दोन मिनिटाचं काम हाय, अण्णा. पण पडदा लागणार न्हाई. विसर्जनापर्यंत मागचं उघडं राहणार, पोरगी बोलणार. पटत असंल तर हात लावतो."

अण्णांनी आवाज खाली आणला. ते चिडले की हळू बोलत. "तुझं दुकान कुणाच्या भिंतीला हाय?"

"सकाळपर्यंत तुमच्या होतं. आता माझ्या घरात हाय. बघून या."

तिथून भिंत दिसत होती. अण्णांनी मान वळवून पाहिलं. पत्रे नव्हते, पंप नव्हता. भिंतीवर पाठ टेकून टेकून पडलेला तेलकट डाग तेवढा होता. त्यांच्याजवळ धमकी एकच होती आणि ती वापरायच्या आधीच संपली होती. पुढून कुणीतरी विचारत आलं, "अण्णा, काय झालं?"

"काय न्हाई," अण्णा म्हणाले. "काढ."

अप्पांनी कात्रीनं पडदा कापला. दोन मिनिटांपेक्षा कमी वेळ लागला. साखळी हलली, बाया चालू लागल्या, पुढं टाळ्या पडल्या. पाहुण्यांना कुणीतरी सांगितलं असावं, ते हार सावरत मागं आले. मी खोक्यावर चढले. अण्णा तीन हातांवर उभे असताना मी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं, बाजारात उभ्या पोरांपासून खालच्या गावातून येणाऱ्या झाडूवाल्यापर्यंत. पाहुण्यांनी पूर्ण ऐकलं. मग ते बाहुलीच्या डोक्यावरच्या भाऱ्याकडे वाकले आणि म्हणाले, "हे गवत खरं आहे?"

"कडबा हाय," अप्पा म्हणाले.

"छान," पाहुणे म्हणाले आणि आरतीला गेले.

विसर्जनानंतर अण्णांनी निरोप पाठवला, झालं गेलं सोडा, येऊन बसायला हरकत नाही. अप्पांनी निरोप आणणाऱ्याला चहा पाजला आणि सांगितलं, जागा चांगली आहे, दुसऱ्या कुणाला द्या. दुकान गल्लीच्या तोंडाशी, एका बाभळीखाली मांडलं. पहिला पावसाळा वाईट गेला. पत्र्याला टेकायला भिंत नव्हती, तो दोनदा उडाला. आई सुया, बटणं विकू लागली, मी शिकवण्या धरल्या. पण चाक आऊट झालेला माणूस भिंत कुणाची ते बघत नाही. वर्षाच्या आत गिऱ्हाईक परतलं, आणि अण्णांच्या मिलमधल्या हमालांच्या सायकलीसुद्धा बाभळीखालीच येऊ लागल्या. देखावा अप्पांनी पुन्हा केला नाही. मंडळानं पुढच्या वर्षी स्थिर देखावा बसवला.

माझा भाचा हल्ली म्हणतो की त्या भिंतीपाशी काहीतरी खूण हवी. एक साधा माणूस तिथून स्वतःच्या पायांनी उठला, पुढच्या पिढ्यांना कळायला नको का, वगैरे. तो वक्तृत्व स्पर्धेत बक्षिसं मिळवायचा. मध्यंतरी लातूरला गेले तेव्हा त्याच्या आग्रहानं मी जाऊन बघून आले. अप्पा उठल्यापासून त्या कोपऱ्यावर कुणी बसलंच नाही, त्यामुळे लोक तिथं लघवीला उभे राहू लागले, म्हणून मिलवाल्यांनी भिंतीवर ओळीनं सगळ्या धर्मांच्या देवांच्या फरशा बसवल्या आहेत. फरशा जिथं संपतात तिथून एक हात पुढं भिंत ओली होती.